गिअरबॉक्स घरी उतरवणे (बेळगाव सीमाभाग)

चारचाकीचा मॅन्युअल गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून गाडीच्या खालून बाहेर काढणे, याला मेस्त्री लोक 'गिअरबॉक्स उतरवणे' म्हणतात. बेळगाव (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हाताला कामाची सवय असलेली माणसे हे काम घरच्या अंगणातही करतात. मारुती 800, ऑल्टो यांसारख्या लहान गाड्यांत ते दोघांना जमण्यासारखे आहे. बोलेरो किंवा सुमोचा गिअरबॉक्स बराच जड असतो. तो गॅरेजातच उतरवलेला बरा.

गिअरबॉक्स उतरवायचे कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये नसतेच. ते असते क्लच प्लेटमध्ये. ही प्लेट फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारे जड चाक) आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसते, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स बाजूला घ्यावा लागतो. गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट, सावंतवाडीकडचा आंबोली घाट, महामार्गावरचे वंटमुरी आणि तवंदी हे सगळे चढ. पावसात ट्रकच्या मागे, किंवा उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे हाफ क्लचवर गाडी सरकवत नेली की प्लेट झिजते. मग इंजिन ओरडते, पण गाडीला ओढ राहत नाही. मात्र तेवढ्यावर पाने हातात घेऊ नयेत. केबल जास्त ताणली गेली तरी क्लच असाच घसरतो, आणि ती सैल करणे पाच मिनिटांचे काम आहे. आधी पेडलचा प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी हालचाल, तपासावा.

जागा निवडण्यात घाई नको. खानापूरकडची तांबडी माती पावसाळ्यात मऊ होते आणि पूर्वेकडच्या तालुक्यांतली काळी माती तर ओलाव्याने फुगते. अशा जमिनीवर जॅक एका बाजूला खचतो. फरशी किंवा काँक्रीट नसेल तर जॅक आणि स्टँड यांच्याखाली जाड, रुंद फळी हवीच. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावाव्यात, गाडी स्टँडवर टेकवावी आणि खाली शिरण्याआधी तिला जोराने हलवून बघावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका बोल्टपुरतेसुद्धा, जाऊ नये. विटांच्या थप्पीवर तर नाहीच: वीट आधी न सांगता फुटते.

हत्यारे फार लागत नाहीत. खंडेनवमीला पूजेत मांडल्या जाणाऱ्या घरच्या पेटीत 10, 12, 14, 17 नंबरचे पाने, गोट्या (सॉकेट), लांब दांडा आणि टॉमी (उचकटायची लोखंडी पहार) असली की बरेचसे काम भागते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढतात. गिअर ऑइल सोडण्यापूर्वी ते भरायचा वरचा बोल्ट खुलतो का, हे पाहावे. तो जाम असेल आणि खालचा उघडून बसलात, तर गाडी जागची हलणार नाही. त्यानंतर क्लच केबल, गिअरचे लिंकेज, रिव्हर्स लाइटची वायर, स्पीडोमीटरची केबल आणि स्टार्टर सुटे होतात. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर त्याचा सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवावा. त्यानंतर पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लोअर आर्मचे बॉल जॉइंट सोडून ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे) काढावे लागतात. शाफ्ट हाताने खेचू नये, आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्सच्या कडेला टॉमी लावून शाफ्ट उचकटावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (मागच्या धुरेकडे जाणारा लांब दांडा) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करतात, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसतो.

माउंटिंग (गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे आधार) सोडण्याआधी इंजिनाला आधार द्यावा: ऑइल चेंबरखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली. आता बेल हाऊसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाचे, बोल्ट. लहान गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा दोन माणसांनी धरावा इतका जड असतो, आणि तो सरळ रेषेत मागे सरकल्याशिवाय इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा इंजिनाकडचा दांडा) प्लेटमधून सुटत नाही. शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचे वजन त्याच्यावर लटकू देऊ नये. नाहीतर प्लेटची मधली चकती वाकते.

खाली आल्यावर क्लच हाऊसिंगमधली धूळ हवेने उडवू नये; जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. प्लेट तेलकट असेल तर तेलाचा वास घ्यावा. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, आणि मग इनपुट शाफ्टचे सील गेले आहे. तसा वास नसून तेल काळपट असेल तर ते क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेले इंजिन ऑइल. सील न बदलता नवी प्लेट बसवली तर तीही तेलकट होते. प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळे डाग किंवा चरे असतील तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग मशिनवर सपाट करून, घेतात. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या मशिन शॉपमुळे त्यासाठी लांब जावे लागत नाही.

बसवताना अलाइनमेंट टूलने प्लेट मध्यावर आणून मगच प्रेशर प्लेट आवळतात. गिअरबॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडतो, कारण स्प्लाइन (शाफ्टवरचे आणि प्लेटमधले दात) जुळत नाहीत. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून गिअरबॉक्सचे बाहेरचे टोक थोडे फिरवावे. दात जुळले की तो हाताच्या रेट्यानेच आत सरकून इंजिनाला चिकटतो. राहिलेली फट बोल्ट आवळून मिटवायला गेलात तर गिअरबॉक्सचा बोल्ट बसणारा ॲल्युमिनियमचा कान तडकतो.

सेकंडहँड गिअरबॉक्स बसवला तरी आरसीवर काही बदल होत नाही. तिथे इंजिन आणि चेसिसचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. सोडलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ न टाकता कॅनमध्ये भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. गाडी सुरू करण्याआधी गिअर ऑइल भरावे, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाट असताना.