शिकदांग

शिकदांग म्हणजे कोरियातली खाणावळ. 'शिक' म्हणजे खाणे आणि 'दांग' म्हणजे दालन. कंपनीतले कॅन्टीन, टॅक्सीवाल्यांसाठी चालणारी गिसा शिकदांग, गल्लीतले चार टेबलांचे घरगुती हॉटेल, सगळ्यांना हा शब्द चालतो. टेबलावरच शेगडी असते अशा मांस भाजायच्या दुकानाला मात्र गोगीजिप म्हणतात. तिथल्या बऱ्याच रीती शिकदांगसारख्याच आहेत.

शिकदांग ओळखायची ती बानचानवरून. बानचान म्हणजे भाताबरोबरची तोंडीलावणी. एक किमची-जिगे (किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीचा, झणझणीत रस्सा) मागवला, की तो येण्याआधीच चार-सहा लहान बश्या टेबलावर मांडल्या जातात: कोबीची किमची, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, परतलेले सुके मासे, पालक, कधी अंड्याची गुंडाळी. त्या मागवाव्या लागत नाहीत, बिलात लागत नाहीत आणि संपल्या तर पुन्हा मिळतात. अलीकडे अनेक ठिकाणी कोपऱ्यात भांडी मांडलेली असतात, हवे तेवढे आपणच वाढून आणायचे. भात, सूप आणि अशा बश्या एकाच ठरलेल्या दरात देणाऱ्या जेवणाला बेकबान, शब्दशः 'पांढरा भात', म्हणतात. आपल्याला राइसप्लेट आठवेल, पण ताटातल्या वाट्या ज्याच्या त्याच्या असतात. बानचान टेबलाच्या मधोमध असते आणि सगळ्यांच्या जेवायच्या काड्या त्याच बश्यांत जातात. उष्ट्याची कल्पना बाळगणाऱ्याला पहिल्या दिवशी हे जड जाते.

फुकटच्या या बश्यांचा खर्च मालक मूळ पदार्थाच्या दरातच धरतो. म्हणून एकट्या गिऱ्हाइकाला काही ठिकाणी अजूनही नकार मिळतो: बश्या एकासाठीही तेवढ्याच मांडाव्या लागतात. भाजायचे मांस तर बहुधा किमान दोघांपुरते मागवावे लागते. एकट्याने जेवण्याला 'होनबाप' असा शब्द रूढ झाला आणि एकेकट्यांसाठी बाकडी असलेली दुकाने निघाली, तीही या अडचणीतूनच. 2010 च्या शरद ऋतूत कोबी कडाडला, तेव्हा कितीतरी खाणावळींनी किमची आखडती घेतली आणि तो राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. उरलेले बानचान दुसऱ्या टेबलावर फिरवण्याची जुनी खोडही होती. 2009 पासून त्यावर कायद्याने बंदी आहे. तांदूळ, किमची, मांस कोणत्या देशातले, याचा तक्ता भिंतीवर लावणेही सक्तीचे आहे. चिनी किमची स्वस्त पडते, त्यामुळे चोखंदळ गिऱ्हाईक हा तक्ता वाचतो.

जोसॉन या कोरियाच्या जुन्या राजघराण्याच्या काळात वाटसरूंना जुमाक असत, म्हणजे धर्मशाळा आणि गुत्ता यांच्या मधली जागा. तिथे गुकबाप (सुपात बुडवलेला भात) आणि माकगॉल्ली ही तांदळाची गढूळ दारू मिळे. सोलमध्ये जोंगनोच्या हमरस्त्याला लागून पिमात्गोल नावाची बोळ होती. नावाचा अर्थ 'घोडे टाळण्याची गल्ली'. सरदाराची स्वारी जाताना रस्त्यावर वाकून उभे राहण्यापेक्षा सामान्य माणसे या बोळातून जात, आणि त्यांच्यासाठी तिथे खाणावळी वाढल्या. नव्या इमारतींनी तिचा बराच भाग गिळला. बैलाच्या हाडांचे पांढरे सूप विकणारी इमुन सॉलनोंगतांग ही सोलमधली सर्वांत जुनी खाणावळ मानली जाते. ती 1904 पासूनची आहे.

आजच्या शिकदांगवर सर्वांत ठळक ठसा मात्र सरकारचा आहे. तांदूळ पुरत नव्हता, म्हणून 1969 पासून बुधवारी आणि शनिवारी दुपारच्या वेळी हॉटेलांत भात विकायला मनाई होती. लोकांनी गव्हाचे पीठ खावे म्हणून प्रचारही झाला. नूडल आणि पिठाच्या पदार्थांची 'बुनशिक' दुकाने त्याच काळात फोफावली. मग 1976 मध्ये सोल शहराने भाताच्या वाटीचेच माप ठरवले: स्टीलची, 10.5 सेंटिमीटर व्यासाची, 6 सेंटिमीटर उंचीची. पूर्वीच्या पितळी वाडग्यांच्या मानाने ती अगदीच लहान होती. टंचाई केव्हाच सरली, आता तर तिथे खपाअभावी तांदूळ उरतो, पण झाकणाची ती चकचकीत वाटी हटली नाही. भात आधीच भरून ती गरम कपाटात रचून ठेवतात. जादा वाटीला वर्षानुवर्षे 1,000 वॉन (कोरियन चलन) हाच दर होता, हल्ली कुठे कुठे 2,000. थोडक्यात, भाज्या फुकट आणि भाताचे पैसे.

वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. नाते तेच, हाक मारायची सवयही तीच. मराठी माणसाला इथे भाषांतराची गरज पडू नये. नाहीतर 'यॉगियो' (इकडे बघा हो) म्हणतात किंवा टेबलावरची घंटी दाबतात. भात आणि सूप चमच्याने, बाकी सगळे धातूच्या चपट्या काड्यांनी खायचे. भाताची वाटी हातात उचलत नाहीत आणि सर्वांत वडील माणसाने चमचा उचलल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही. मांस टेबलावरच कात्रीने कापतात, लेट्यूसच्या पानात लसूण आणि सामजांग चटणीसह गुंडाळतात आणि तो विडा एका घासात तोंडात घालतात. अर्धा चावणे बरे दिसत नाही. सोजू ही कोरियन दारू स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतत नाहीत. मोठ्यांना दोन्ही हातांनी ओततात आणि पिताना तोंड बाजूला वळवतात.

टीप देत नाहीत. मालक खूश असला तर उलट तोच एखादी बशी 'सोबिसू' म्हणून देतो. हा इंग्रजी 'सर्व्हिस'चाच कोरियन अवतार, अर्थ मात्र 'फुकट'. बिल गल्ल्यावर जाऊन एकानेच भरायचे आणि पुढच्या बैठकीचे दुसऱ्याने, ही जुनी रीत. तरुणांत आता वाटून घेणे सर्रास चालते. सरकारी नोकरांना कोणी जेवू घालायचे तर 2016 च्या लाचविरोधी कायद्याने माणशी 30,000 वॉनची मर्यादा घातली. ती 2024 मध्ये 50,000 झाली.

शाकाहाऱ्याची पंचाईत होते. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो आणि साध्या टोफूच्या रश्श्यालाही सुक्या माशांचे पाणी असते. 'मांस नको' म्हटले तर मांसाचे तुकडे तेवढे वगळले जातात. बौद्ध मठांच्या पद्धतीची भोजनालये हा खात्रीचा मार्ग. तिथे मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्याचीही सोय. पण ती रोजची खाणावळ नव्हे, दरही तसे नसतात.

महाराष्ट्रात हे जेवण कारखान्यांच्या मागोमाग आले. रांजणगावला एलजी आहे, माणगावजवळ पोस्को ही पोलाद कंपनी आणि जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला. पुण्यातल्या कोरियन खाणावळींचे पहिले हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे अशा कंपन्यांतले कोरियन साहेब. कोरियन मालिका पाहून येणारी कॉलेजची मुले नंतर आली, आणि त्यातली काही जण बिल पाहताना किमचीचे किती लागले हे अजून शोधतात.