पाटीवरचा फोन नंबर न बदलता इंटरनेटवर कसा आणायचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जालना

नमस्कार,

मोंढ्यातल्या कुठल्याही आडत दुकानाची पाटी बघा. वर नाव, खाली मालाची यादी आणि कोपऱ्यात ०२४८२ ने सुरू होणारा नंबर. तोच नंबर विक्रीच्या पट्टीवर असतो, बियाण्याच्या पिशवीवर असतो आणि मंठ्याकडच्या एखाद्या घरात दाराच्या चौकटीवर पेनने लिहिलेलाही असतो. म्हणून ऑफिसात इंटरनेटचा फोन बसवायचा विषय निघाला की आम्ही आधी एकच विनंती करतो: नंबर सोडू नका.

हे आम्ही स्वतः पोळल्यावर शिकलो. रस्ता रुंदीकरणात आमच्या गल्लीतली केबल तुटली. तक्रारी करून कंटाळलो, लाइन बंद करून टाकली आणि मोबाईल नंबर छापला. पुढे दोन वर्षं जुनी गिऱ्हाइकं समोर येऊन म्हणायची, "फोन लागला नाही, आम्हाला वाटलं दुकान बंद झालं." किती जण सांगायलासुद्धा आले नाहीत, ते कळायला मार्ग नाही.

नंबरामागे पत्ता कसा लागतो

इंटरनेटला नंबर समजत नाही, त्याला पत्ता लागतो. ईमेलचा पत्ता असतो तसाच इंटरनेटवरच्या फोनचाही असतो. त्या पद्धतीला सिप म्हणतात. नंबर आणि पत्ता यांची गाठ घालणाऱ्या पद्धतीचं नाव ईनम. तिचे पहिले नियम २००० साली आले आणि आज वापरात असलेले नियम २०११ चे आहेत. युक्ती साधी आहे, पण फार सुंदर आहे.

समजा नंबर आहे ०२४८२-१२३४५६. (लँडलाइनचा नंबर १ पासून सुरू होत नाही, म्हणून नमुन्याला हाच घेतला.) पुढचं शून्य काढून देशाचा कोड लावला की झाला ९१२४८२१२३४५६. जगभरच्या नंबरांचा हा ठरलेला साचा आहे, त्याला ई.१६४ म्हणतात. त्यात देशाच्या कोडासकट जास्तीत जास्त १५ आकडे बसतात. आता तो उलटा लिहायचा आणि प्रत्येक आकड्यामध्ये टिंब द्यायचं:

६.५.४.३.२.१.२.८.४.२.१.९

शेवटी ई१६४.अर्पा ही शेपटी जोडली की वेबसाइटच्या नावासारखं एक नाव तयार होतं.

उलटा का? फोन नंबर मोठ्याकडून लहानाकडे जातो: आधी देश, मग गाव, मग दुकान. इंटरनेटवरची नावं पाकिटावरच्या पत्त्यासारखी असतात. आधी माणसाचं नाव, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. नंबर उलटवला की दोघांची दिशा एक होते. वेबसाइटची नावं शोधून देणारी डीएनएस नावाची यंत्रणा १९८३ पासून आहे. तीच मग नंबरही शोधून देते, वेगळं काही उभारावं लागत नाही.

त्या नावापुढे नोंदी असतात. एका नंबराला एकाहून जास्त नोंदी लावता येतात आणि त्यांचा क्रमही लिहिता येतो: पहिला गल्ल्यावरचा इंटरनेट फोन, दुसरा मुनीमजींच्या मोबाईलवरचं ॲप, तिसरा ईमेल. पहिला पत्ता मिळाला नाही तर पुढचा बघितला जातो. पण घंटी वाजली आणि कुणी उचललंच नाही, तर कॉल पुढे सरकवायचं काम तुमच्या ऑफिसातले फोन जोडणाऱ्या छोट्या एक्स्चेंजच्या पेटीचं आहे, नोंदीचं नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बसवताना दोन्ही वेगवेगळं लावावं लागतं.

आपल्याकडे हे कसं चालतं

सगळ्या जगाने एकच उघडी नोंदवही वापरावी, असं मूळ स्वप्न होतं. ऑस्ट्रियाने ती सर्वप्रथम व्यावसायिक स्वरूपात सुरू केली, पण बहुतेक ठिकाणी ती रुजली नाही. एक कारण अगदी सरळ आहे: उघड्या वहीत नंबर आणि ईमेल शेजारी शेजारी दिसले, तर फालतू जाहिराती करणाऱ्यांची चांदीच. मात्र बंद वहीत हीच पद्धत जोमाने चालते. टेलिफोन कंपन्या आपसांत कॉल पोहोचवायला ती वापरतात.

आम्हीही तुमच्यासाठी अशीच बंद वही ठेवतो, तुमच्याच पेटीत. जालन्याची गादी, एमआयडीसीतलं गोदाम आणि परतूरची शाखा, असं समजा. परतूरच्या पोराने सवयीप्रमाणे जालन्याचा जुना नंबर फिरवला की पेटी आधी वहीत बघते. पत्ता मिळाला तर कॉल इंटरनेटवरून थेट गादीवर. इंटरनेट बंद असेल तर नेहमीच्या लाइनने. पोराला नवीन काही पाठ करावं लागत नाही.

बाहेरून येणारा कॉल या वहीतून येत नाही, तो टेलिफोन कंपनीच आणून देते. म्हणून शेतकऱ्याच्या हातातला साधा बटणांचा फोन आहे तसाच चालतो. कंपनीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हाच नंबर फायबरवर द्याल का? आपल्याकडे मोबाईल नंबर कंपनी बदलून नेता येतो, देशभर २०११ पासून. लँडलाइनला ती सोय नाही. म्हणून जुनी लाइन बंद करायचा अर्ज आमच्याशी बोलल्याशिवाय देऊ नका. एकदा गेलेला नंबर परत मिळवणं फार अवघड.

परवान्याचं बघा

आपल्या शाखांनी आपसांत इंटरनेटवरून बोलणं वेगळं. तोच कॉल दुसऱ्या गावात नेऊन बाहेरच्या लाइनवर सोडणं वेगळं. ते परवाना असलेल्या कंपनीमार्फतच करायचं. खूप सिमकार्डं भरलेली पेटी लावून "एसटीडी फुकट" सांगणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो बेकायदा धंदा आहे आणि गुन्हा तुमच्या जागेवर दाखल होईल.

लाइट आणि पासवर्ड

जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज यायची, लाइट गेली तरी फोन वाजायचा. फायबरला तसं नाही. राउटर, फायबरचा डबा, पेटी आणि फोन, चारही इन्व्हर्टरवर पाहिजेत. उन्हाळ्यात भारनियमन सुरू झाल्यावर धावपळ नको, म्हणून बसवायच्या दिवशीच मेन स्विच पाडून तुमच्यासमोर कॉल लावून दाखवतो. तरीही ११२ साठी एक चार्ज केलेला मोबाईल गल्ल्यात ठेवाच.

इंटरनेटचा वेग फार लागत नाही. चांगल्या आवाजाचा एक कॉल प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण ९० किलोबिट घेतो. अडचण होते ती आवाज उशिरा पोहोचल्याने. एका दिशेचा उशीर सेकंदाच्या १५० सहस्रांशापुढे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच लाइनवर असेल तर राउटरमध्ये आवाजाला आधी वाट देतो.

पासवर्डबाबत आम्ही कुणाचं ऐकत नाही. १०१ नंबरच्या फोनला १०१ हाच पासवर्ड ठेवला तर चोर रात्रीतून परदेशात कॉल लावतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. परदेशी कॉल आम्ही बंद करूनच देतो. लागत असतील तर लेखी सांगा, तेवढेच देश उघडू.

येताना फोनचं शेवटचं बिल आणा, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते त्यावर असतं. बऱ्याच ठिकाणी ते अजून आजोबांच्या नावावर असतं, तेव्हा नाव बदलायचा अर्ज आधी भरावा लागतो. सोबत एका कागदावर लिहून आणा, दुकानात फोन कोण कोण उचलतं आणि दुपारी जेवायच्या वेळी कोण.