चापडा: अंधारात ऊब हेरणारा साप

पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरणारी माणसं सापाच्या धास्तीने पायाखाली बघत चालतात. घोणस आणि फुरसं जमिनीवरच असतात, तेव्हा ते बरोबरच आहे. चापडा मात्र बहुधा कमरेच्या नाहीतर खांद्याच्या उंचीला असतो. ओढ्याकाठचं बांबूचं बेट किंवा दाट झुडूप ही त्याची जागा. शेपटीने फांदी धरून तो एकाच ठिकाणी तासन् तास पडून राहतो. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने 1802 मध्ये त्याला दिलेलं 'ग्रॅमिनिअस' हे नाव गवतावरून आलंय.

हिरवा साप दिसला की हरणटोळ आणि चापडा यांची हमखास गल्लत होते. हरणटोळ दोरीसारखा सडपातळ, टोकदार नाकाचा आणि दिवसा फिरणारा. त्याच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. चापडा दोन-अडीच फुटांचा, अंगाने भरलेला. डोकं त्रिकोणी, मान एकदम बारीक, पोट पिवळसर हिरवं, बाहुली मांजरासारखी उभी. डोक्यावर मोठे खवले नसून बारीक खवल्यांची दाटी असते. अर्थात, हे सगळं लांबूनच बघायचं.

त्याची खरी कमाल डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या छोट्या खाचेत आहे. दोन्ही बाजूंना एकेक. खाचेत अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या मागे हवेची पोकळी. उंदराच्या अंगाची उष्णता पोचली की हा पडदा लगेच तापतो, कारण तापायला त्यात फारसं काही नसतंच. पडद्यातल्या मज्जातंतूंवर 'टीआरपीए1' नावाचं प्रथिन असतं. माणसातही ते असतं. मोहरी आणि वासाबीचा झणका आपल्याला त्याच्यामुळे लागतो. खाचवाल्या सापांमध्ये मात्र हेच प्रथिन उष्णता टिपतं, हे 2010 मध्ये अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापांवरच्या अभ्यासातून कळलं. इथून निघालेले संदेश मेंदूत डोळ्यांच्या संदेशांना जाऊन मिळतात, त्यामुळे काळोखात बसलेला उंदीर सापाला आजूबाजूच्या गार पानांहून वेगळा कळतो. बेडूक किंवा पाल अंगाने गारच. तिथे डोळे आणि हालचालीचा अंदाज कामी येत असणार.

घोणस सहसा उंदराला डसून सोडते आणि मग वासावर त्याचा माग काढते. झाडावर ही चैन परवडत नाही, सोडलेली शिकार खाली पडून हरवायची. म्हणून फांदीवरचे हे साप बहुतेकदा भक्ष्य तोंडातच धरून ठेवतात. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते.

चापड्याच्या दंशाने माणूस दगावणं विरळा. पण वेदना आणि सूज चांगलीच असते, आणि रक्त गोठण्याची क्रियाही बिघडू शकते. अडचण पुढेच आहे. आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापडा त्यात नाही. त्यामुळे उपचार म्हणजे डसलेला हात किंवा पाय हलू न देणं, वेदना आणि सूज आटोक्यात ठेवणं आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करणं. दोरी आवळून बांधली तर सुजलेल्या भागाची हानी वाढते. सापाचा लांबून काढलेला फोटो असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावा. घोणस समजून प्रतिविष टोचलं, तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि ॲलर्जीचा धोका मात्र पुरेपूर असतो.