भित्यापाठी ब्रह्मराक्षस : ‘द आयर्न जायंट’ची पार्श्वभूमी

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ हा उपग्रह अवकाशात सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३.६ किलो वजनाचा हा गोळा साधारण ९६ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालायचा आणि २० व ४० मेगाहर्ट्झवर ‘बीप-बीप’ करत राहायचा. पोटात रेडिओ प्रक्षेपक, बॅटऱ्या आणि तापमान राखायला एक पंखा. याखेरीज त्यात फारसं काही नव्हतं. तरी अमेरिकेची पाचावर धारण बसली. जे रॉकेट एवढं वजन कक्षेत नेऊन ठेवतं ते अणुबॉम्बही आणून टाकू शकतं, हे कळायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. आणि हौशी रेडिओवाल्यांना तो आवाज घरबसल्या ऐकू येत होता.

दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांचा ‘द आयर्न जायंट’ (१९९९) हा अ‍ॅनिमेशनपट याच उपग्रहापासून सुरू होतो. त्याच्या मागोमाग आकाशातून आणखी काहीतरी येतं आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर समुद्रात कोसळतं. ते म्हणजे पन्नास फुटी लोखंडी राक्षस. डोक्याला मार लागल्याने तो कोण, कुठला, कशासाठी बनवला, हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. रॉकवेल या काल्पनिक गावातला नऊ वर्षांचा हॉगर्थ त्याला विजेच्या तारांत अडकलेला पाहतो, वीज बंद करून सोडवतो, आणि पुढचा सगळा चित्रपट या दोघांच्या मैत्रीचा आणि गावाच्या भीतीचा आहे.

मूळ गोष्टीत मात्र ही भीती अशी नव्हती. इंग्रज कवी टेड ह्यूज यांचं ‘द आयर्न मॅन’ हे छोटं पुस्तक १९६८ साली आलं. पाच रात्रींत सांगायची गोष्ट, अशी त्याची रचना. १९६३ मध्ये पत्नी, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांच्या मृत्यूनंतर आईविना राहिलेल्या आपल्या दोन मुलांना ह्यूज गोष्टी सांगत, त्यातून हे पुस्तक आलं असं सांगितलं जातं. त्यातला लोखंडी माणूस कड्यावरून कोसळून तुकडे-तुकडे होतो, एक हात एक डोळा शोधून काढतो आणि तुकडे पुन्हा जुळू लागतात. तो ट्रॅक्टर आणि कुंपणाच्या तारा खातो म्हणून शेतकरी त्याला खड्ड्यात गाडतात. पुढे हॉगर्थच त्याला भंगाराच्या आवारात पोटभर लोखंड मिळवून देतो. इथपर्यंत चित्रपटाशी नातं स्पष्ट आहे. पण पुस्तकाच्या उत्तरार्धात अवकाशातून ऑस्ट्रेलियाएवढा अजस्र प्राणी येतो आणि लोखंडी माणूस त्याच्याशी पैज लावून जगाला वाचवतो. म्हणजे एका परक्याला आपलंसं करायला दुसरा, त्याहून मोठा परका लागतो.

पुस्तक आणि चित्रपट यांच्यामध्ये एक संगीतिका आहे. ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड यांनी १९८९ साली या गोष्टीवर गाण्यांचा अल्बम काढला, १९९३ मध्ये लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात तिचा प्रयोग झाला आणि त्या वाटेने हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे पोचले. त्या काळच्या रिवाजानुसार पाच-सहा गाण्यांचा अ‍ॅनिमेशनपट निघाला असता. टर्नर कंपनी १९९६ साली वॉर्नरमध्ये विलीन झाली, तिच्यासोबत बर्ड तिथे आले, आणि त्यांनी गाणीही काढली, अवकाशातला तो अजस्र प्राणीही काढला. टाउनशेंड यांचं नाव कार्यकारी निर्माता म्हणून राहिलं.

बर्ड यांच्या बहिणीचा मृत्यू बंदुकीच्या गोळीने झाला होता. बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं तर, ही कल्पना त्यांनी स्टुडिओपुढे मांडली. तिच्यामुळे कथेचा सांगाडाच बदलला. बाहेरचा शत्रू गेल्यावर संकट गावातूनच यायला हवं होतं, आणि गाव इतकं घाबरलेलं असायला हवं की एका यंत्रासाठी ते स्वतःवर बॉम्ब ओढवून घेईल. त्यासाठी १९५७ एवढं चपखल साल दुसरं सापडणं कठीण. पटकथा टिम मॅकॅन्लिस यांनी लिहिली. ह्यूज यांनी ती वाचून पसंतीचं पत्र पाठवलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते वारले, चित्रपट पाहायला राहिले नाहीत.

त्या काळची भीती शाळेत शिकवली जात होती, हे आज विसरायला होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची मक्तेदारी संपली. लगोलग वर्गावर्गांत कवायती सुरू झाल्या: झगझगीत उजेड दिसला की बाकाखाली शिरायचं, मान आणि डोकं हातांनी झाकायचं. त्यासाठी बर्ट नावाच्या कासवाचा ‘डक अँड कव्हर’ हा नऊ मिनिटांचा माहितीपट १९५२ पासून दाखवला गेला. स्फोटापासून बऱ्याच अंतरावर असलेल्याला या कवायतीचा थोडाफार उपयोग होता, कारण तिथे उडणाऱ्या काचा जास्त इजा करतात. जवळ असलेल्याला काडीचाही नाही. हॉगर्थच्या वर्गात याच धर्तीचा गाणं म्हणणारा माहितीपट दाखवतात आणि मुलं कंटाळून गप्पा मारत बसतात. मुलांना ज्याची सवय झाली आहे, त्याने मोठ्यांची झोप उडाली आहे. शेवटी क्षेपणास्त्र गावाकडे निघतं तेव्हा सरकारी हेर केंट मॅन्सली हीच कवायत सुचवतो आणि यातून कोणी वाचत नसतं, असं सेनापती त्याला सुनावतो.

क्षेपणास्त्र डागणारी पाणबुडी ‘नॉटिलस’ दाखवली आहे, ती मात्र इतिहासाला धरून नाही. नॉटिलस अणुऊर्जेवर चालणारी पहिली पाणबुडी होती, पण तिच्याकडे टॉर्पेडोच होते. अमेरिकेची ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही पोलारिस क्षेपणास्त्रांची पाणबुडी डिसेंबर १९५९ मध्ये नौदलात आली आणि पाण्याखालून पहिलं पोलारिस जुलै १९६० मध्ये सुटलं. कथेला हे चालून जातं.

आता राक्षसाच्या बांधणीकडे, कारण खरी मेहनत तिथे आहे. चित्रपट हाताने रेखाटलेला, राक्षस संगणकावर बनवलेला. असं करण्याचं कारण धातू हे आहे. माणसाचा गाल एका चित्रात किंचित फुगीर, पुढच्यात किंचित बसका आला तर तो जिवंत वाटतो. लोखंडी नळी मात्र केसभर जाड-बारीक झाली की रबरी दिसते. शेकडो सांधे, रिव्हेट आणि गोल भाग असलेली वस्तू प्रत्येक कोनातून त्याच आकाराची काढत राहणं हाताच्या आवाक्याबाहेरचं आहे. संगणकाचं ते रोजचं काम.

पण मग उलटी अडचण येते. संगणकाची रेघ फार सरळ असते. पेन्सिलीने काढलेल्या हॉगर्थची कड प्रत्येक चित्रात जराशी हलते, त्याच्या शेजारी काटेकोर रेघांचा राक्षस वरून चिकटवल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणून राक्षसाच्या कडा मुद्दाम किंचित थरथरवणारा प्रोग्रॅम लिहिला गेला आणि रंगही हाती चित्रासारखे सपाट भरले. वेगाचा प्रश्न वेगळाच. सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाती अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एक रेखाटन दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. संगणक सहज २४ देतो. दोघं एकाच फ्रेममध्ये आले आणि ही गती जुळवली नाही, तर एक सरपटतो आणि दुसरा टप्प्याटप्प्याने चालतो. मुलगा राक्षसाच्या तळहातावर बसला असेल तर आधी हाताची हालचाल पक्की करावी लागते, मग तिच्यावर मुलगा रेखाटायचा. उलट क्रमाने गेलं की पाय हातावरून घसरतात किंवा हवेत राहतात, आणि मुलगा राक्षसावर विसावला आहे हेच पटत नाही.

राक्षसाला चेहराही जेमतेम आहे. भुवया नाहीत, गाल नाहीत. दिव्यासारखे डोळे, त्यांवर उघड-मीट करणाऱ्या झडपा आणि वरखाली होणारा जबडा, एवढ्यावर सगळा अभिनय. झडपा अर्ध्यावर आल्या की विचार, वाकड्या झाल्या की गोंधळ, डोळे लाल झाले की आतलं शस्त्र जागं झालं. आवाज विन डिझेल यांचा, शब्द मोजकेच. सुटा झालेला पंजा एकटाच हॉगर्थच्या घरात शिरतो, तो प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. तिथे डोळेही नाहीत, फक्त बोटं. तरी पंजा कुत्र्याच्या पिलासारखा घरभर हुंगत फिरतो आणि दूरदर्शनपुढे रमतो. जेवायच्या टेबलावर आई समोर असताना हॉगर्थ प्रार्थनेच्याच शब्दांत त्याला बाहेर जायला सांगतो. परक्याची भीती कशी उतरते, हे पुढच्या कोणत्याही संवादापेक्षा इथे जास्त कळतं: आधी तो धडपडताना, मग कुतूहलाने बघताना दिसतो, आणि पाहणारा हसला की निम्मी भीती संपलेली असते.

बर्ड यांनी रुंद सिनेमास्कोप पडदा निवडला, जवळच्या लोकांनी सावध करूनही. १९५०च्या दशकातले बरेच चित्रपट त्याच आकाराचे, हे एक कारण. उंच पात्र आडव्या चौकटीत मावत नाही, ही अडचण त्यांनी वापरून घेतली: राक्षस आधी तुकड्यांनी दिसतो, पाय, हात, झाडांवरून वाकलेलं डोकं. मायकेल केमन यांचं संगीत प्रागमध्ये चेक फिलहार्मॉनिक या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित झालं.

पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. मे १९९८ मध्ये ‘क्वेस्ट फॉर कॅमलॉट’ हा त्यांचा अ‍ॅनिमेशनपट आपटल्यावर वॉर्नरचा अ‍ॅनिमेशनवरचा विश्वास उडाला होता. त्याचा एक फायदा झाला, वरचा हस्तक्षेप कमी राहिला. कामाची वाटणीही नेहमीची नव्हती: एका कलाकाराकडे एकच पात्र देण्याऐवजी अख्खे प्रसंग दिले गेले. त्यामुळे दोन पात्रांमधला देवाणघेवाणीचा ताल एका हातात राहिला. कॅल-आर्ट्स या कलाशिक्षण संस्थेतले विद्यार्थीही किरकोळ कामांना लागले.

प्रदर्शनात मात्र माती खाल्ली. चाचणी-खेळांना उत्तम प्रतिसाद मिळाल्यावर कुठे स्टुडिओ जागा झाला आणि तारीख जाहीर केली. हातात चारेक महिने उरले. खेळणी, खाद्यपदार्थांच्या साखळ्यांशी करार, शाळांपर्यंत पोचणं, या गोष्टींना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ६ ऑगस्ट १९९९ ला चित्रपट लागला, त्याच दिवशी ‘द सिक्स्थ सेन्स’ही लागला. अमेरिकेत एकूण कमाई सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे खर्चाच्या निम्मीही नाही. त्याच चित्रपटाला अ‍ॅनिमेशनसाठीच्या अ‍ॅनी पुरस्कारांत ९ बक्षिसं मिळाली. पुढे कार्टून नेटवर्कने सुटीच्या दिवशी तो चोवीस तास सलग दाखवायला सुरुवात केली आणि लोकांना तो तिथे सापडला.

या चित्रपटाबद्दल नेहमी सांगतात की परका निरुपद्रवी असतो हे तो शिकवतो. ते खरं नाही. राक्षस खरोखरच शस्त्र आहे. भंगाराच्या आवारात हॉगर्थ खेळण्यातली बंदूक रोखतो, तेव्हा राक्षसाच्या डोळ्यांतून सुटलेल्या झोतातून तो थोडक्यात वाचतो. भंगारवाला डीन त्याला ओढून घेतो. मॅन्सली भित्रा आहे, खोटारडा आहे, पण त्याचा संशय अगदीच हवेतला नाही. या हेराला आणखी थोडं माणूसपण दिलं असतं तर चित्रपट अधिक धारदार झाला असता. तो शेवटी नुसता पळपुटा ठरतो, आणि मुलांना त्याच्यावर हसणं सोपं जातं. सेनापती मात्र चांगला उतरला आहे. पुरावा समोर आला की तो थांबतो.

२०१५ साली आलेल्या वाढीव आवृत्तीत दोन प्रसंग नव्याने घातले आहेत. पहिला आई आणि डीन यांच्यातला, छोटासा. दुसरा राक्षसाच्या स्वप्नाचा: झोपेत त्याच्या आठवणी डीनच्या दूरदर्शन संचावर उमटतात आणि त्याच्यासारख्या राक्षसांची फौज एक ग्रह उद्ध्वस्त करताना दिसते. बर्ड यांना तो आधीपासून हवा होता, पण १९९९ मध्ये करणं परवडलं नाही. मोठ्यांना हीच आवृत्ती अधिक खोल वाटेल. सहा-सात वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा दाखवायचा असेल तर जुनी, ८७ मिनिटांची आवृत्ती लावावी. तिच्यात राक्षस कुठून आला हे पाहणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि हॉगर्थला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरच मुलांनाही ठरवावं लागतं. शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणाच्या प्रसंगाला मात्र शेजारी बसावं. तिथे प्रश्न येतात.