बर्नआउटमधील विस्मरण

बर्नआउटमधील विस्मरण : दीर्घकाळच्या, विशेषतः कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याबरोबर आढळणाऱ्या स्मृती, अवधान व विचार यांच्या तक्रारी. पुण्यात त्या ‘डोकं चालत नाही’, ‘डोकं बधीर झालंय’ अशा शब्दांत सांगितल्या जातात. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द डिमेन्शियासाठी रूढ असल्याने तो येथे टाळला आहे. या दोन अवस्था वेगळ्या आहेत.

बर्नआउट या संज्ञेच्या मुळाविषयी मतभेद आहेत. तिचे जनकत्व सामान्यतः न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखाला दिले जाते. मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांची दमछाक त्यांनी त्यात वर्णिली. मात्र एच. बी. ब्रॅडली यांनी १९६९ मध्येच तरुण गुन्हेगारांच्या पुनर्वसनातील कर्मचाऱ्यांसंबंधी हा शब्द वापरला होता. त्याआधी ग्रॅहम ग्रीन यांच्या १९६० च्या कादंबरीच्या शीर्षकात तो कुष्ठरोग्याच्या अवस्थेवरून आला : रोग विझला, पण बोटे झडून गेली. काही अभ्यासक आणखी मागे, अमेरिकी वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये मांडलेल्या न्यूरॅस्थेनियापर्यंत, म्हणजे मज्जासंस्थेच्या दुर्बलतेच्या कल्पनेपर्यंत, जातात. लक्षणे बरीच जुळतात. तरीही बिअर्ड यांचा भर मज्जासंस्थेची शक्ती संपण्यावर होता, नोकरीच्या स्वरूपावर नव्हता. तेव्हा न्यूरॅस्थेनियाला पूर्वज म्हणावे, तोच आजार म्हणू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चरकसंहितेत धी, धृती व स्मृती ढळल्याने घडणाऱ्या प्रज्ञापराधाची, म्हणजे बुद्धीच्या चुकीची, चर्चा आहे. तिचा येथे संबंध जोडण्याचा मोह होतो. पण तेथे प्रज्ञापराध रोगाचे कारण आहे, थकव्याचा परिणाम नव्हे.

ख्रिस्टिना मास्लाक व सुझान जॅक्सन यांच्या १९८१ च्या प्रसिद्ध मापनश्रेणीत भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा व कर्तृत्वाची घटलेली जाणीव हे तीन घटक आहेत. स्मृतीचा एकही प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून व्यवसायाशी निगडित स्थिती मानला आहे. स्वीडनने मात्र २००५ मध्ये ‘थकवा विकार’ असे स्वतंत्र निदान स्वीकारले आणि त्याच्या निकषांत एकाग्रतेच्या व स्मृतीच्या अडचणी घातल्या. या विषयावरील बरेचसे संशोधन तेथून आले, ते यामुळेच असावे. बर्नआउट व नैराश्य वेगळे आहेत काय, हा वाद मिटलेला नाही.

उपचारासाठी आलेल्या रुग्णांवरील अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात प्रसंगस्मृती (घडलेल्या गोष्टींची आठवण), कार्यरत स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणे), अवधान, विचारांचा वेग व कार्यकारी नियंत्रण (आखणी व स्वतःला आवरणे) यांत सौम्य ते मध्यम घट दिसली. शब्दसंग्रह व सामान्य ज्ञानासारख्या साठलेल्या ज्ञानात ती ठळक नव्हती. बहुतेक वेळा गोष्ट पुसली जात नाही, मुळात नोंदलीच जात नाही. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा आईने सांगितलेली गोळी आणायची विसरतो. खोदून विचारले की कळते, आई सांगत होती तेव्हा रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल त्याच्या कानात चालू होता.

मापनाची एक अडचण मराठीत विशेष जाणवते. कार्यरत स्मृतीसाठी अंक ऐकवून उलट क्रमाने म्हणायला सांगतात : ‘सात, दोन, नऊ, चार’ ऐकून ‘चार, नऊ, दोन, सात’. मराठीत ‘पंचवीस’मध्ये पाच आधी व वीस नंतर येत असल्याने जोडसंख्या वापरल्यास चाचणी वेगळीच होते, अंक सुटेच द्यावे लागतात. शिवाय इंग्रजी माध्यमातून शिकलेले अनेक पुणेकर मनात अंक इंग्रजीतच मोजतात. भाषा आधी न ठरवल्यास भाषांतराचा वेळ रुग्णाच्या खात्यावर मांडला जातो. एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगण्याच्या चाचणीत ‘प’ दिल्यास ‘पा’, ‘पि’ने सुरू होणारे ‘पाणी’, ‘पिशवी’ धरायचे की नाही, हेही आधी ठरवावे. एवढे करूनही तक्रार व गुण यांचा मेळ अनेकदा बसत नाही : शांत खोलीतल्या वीस मिनिटांत रुग्ण बरा दिसतो, कचेरीत दुपारी चारला नाही.

इतर कारणे तपासणे आवश्यक असते : थायरॉइड, झोपेत श्वास अडणे, नैराश्य. पुण्यात ब-१२ जीवनसत्त्व विशेष महत्त्वाचे. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत त्याचे प्रमाण कमी आढळले; शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांत. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. ‘ऑफिसच्या ताणाने विसरतो’ म्हणणाऱ्याचे रक्त आधी तपासलेले बरे, ते यासाठी.

उपचारात झोप, व्यायाम, मानसोपचार व कामाच्या बोज्यात बदल यांचा समावेश होतो. स्वीडनमधील पाठपुराव्यांत थकवा उतरल्यानंतरही काहींच्या स्मृतीच्या व एकाग्रतेच्या तक्रारी कित्येक वर्षे टिकल्याचे दिसते.