साईक्सांचा मूळ पुरुष

हडर्सफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं, यॉर्कशायरच्या पश्चिम भागातलं लोकरीच्या कापडासाठी नावाजलेलं जुनं शहर. ते पेनाइन डोंगररांगेच्या पूर्व उतारावर वसलं आहे. वर माथ्याला काळी, पाणी धरून ठेवणारी दलदलीची जमीन आहे. तिच्यातून शेकडो बारीक ओहळ झिरपतात आणि कोल्न नदीच्या खोऱ्यात उतरतात. दलदलीतून वाहणाऱ्या आणि अनेकदा दोन शेतांमधली हद्द ठरणाऱ्या अशा ओहळाला तिथल्या जुन्या बोलीत ‘साइक’ म्हणत. ओहळाकाठी घर असलेल्या माणसाची ओळख त्या ओहळावरून सांगितली जाई. तेराव्या-चौदाव्या शतकात ही ओळख बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि ‘साईक्स’ हे आडनाव तयार झालं.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी तिथे पिढीजात आडनावं जवळजवळ नव्हतीच. आधी जमीनदारांनी ती घेतली, मग दक्षिणेकडच्या शहरांनी, आणि उत्तरेकडच्या खेड्यांपर्यंत ही रीत पोचायला १४०० साल उजाडलं. यामागे नावांची टंचाईही होती. चौदाव्या शतकातल्या गावात जॉन, विल्यम, टॉमस, रॉबर्ट अशी मोजकीच नावं फिरून फिरून येत. जमिनीचा वारसा कोणत्या जॉनचा आणि कर कोणत्या जॉनकडून वसूल करायचा, हे कारकुनाला ठरवता यायला हवं होतं. राजानं १३७७, १३७९ आणि १३८१ साली माणशी कर बसवला. त्यातल्या १३७९ च्या याद्या यॉर्कशायरच्या या पश्चिम भागापुरत्या चांगल्या टिकल्या आहेत, आणि आडनावांच्या अभ्यासकांसाठी तो मोठाच खजिना आहे.

आता ओहळ काही एका गावात नसतात. त्यामुळे या आडनावाचा उगम अनेक ठिकाणी, एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक घरांत झाला असणार, असं इतिहासकार धरून चालले होते. जुन्या नोंदीही वेगवेगळ्या गावांतल्या होत्या. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथही गावोगाव झाले. तोच न्याय ओहळाला लावायचा.

ब्रायन साईक्स हे ऑक्सफर्डमध्ये मानवी आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते. एका मोठ्या औषध कंपनीत त्यांचं व्याख्यान ठरलं, तेव्हा त्या कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साईक्स. तुम्ही दोघं नात्यातले का, हा प्रश्न लोकांनी विचारणं साहजिकच होतं. दोघांनाही तशा नात्याची काही कल्पना नव्हती. पण ब्रायन यांच्याकडे प्रयोगशाळा होती. त्यांनी रिचर्ड यांच्या पेशींचा नमुना मिळवला, स्वतःच्या नमुन्याशी ताडून पाहिला, आणि दोघांचं वाय गुणसूत्र जुळलं.

या जुळण्याला अर्थ का आहे, हे जरा नीट पाहायला हवं. आपली बहुतेक गुणसूत्रं दर पिढीत आईच्या आणि बापाच्या वाट्यातून पिसली जातात. वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं आणि त्याला बरोबरीचा जोडीदार नसतो. म्हणून त्याचा बहुतांश भाग आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. इंग्लंडमधलं आडनावही याच वाटेनं उतरतं. त्यामुळे एका मूळ पुरुषाच्या सगळ्या पुरुष वंशजांकडे एकच आडनाव आणि एकच वाय गुणसूत्र असायला हवं. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएची लहानशी अक्षरमाला ओळीनं अनेकदा आलेली असते. एखाद्या ठिकाणी ती चौदा वेळा असेल, दुसऱ्या ठिकाणी तेवीस वेळा. अशा काही जागा मोजल्या की आकड्यांचा एक संच मिळतो, आणि तो त्या पितृवंशाची खूण म्हणून वापरता येतो. कधीमधी नक्कल होताना एखादा आकडा एकानं वाढतो किंवा घटतो. मात्र हे इतक्या क्वचित घडतं की सात-आठ शतकांनंतरही खूण ओळखू येते.

ब्रायन साईक्स आणि कॅथरीन अर्व्हेन यांनी मग यॉर्कशायर, लँकशायर आणि चेशायर या परगण्यांतल्या साईक्स आडनावाच्या पुरुषांना यादृच्छिक पद्धतीनं निवडलं. त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ४८ जणांपैकी २१ जणांची, म्हणजे जवळजवळ ४४ टक्क्यांची खूण एकच निघाली. तुलनेसाठी त्याच भागातले आणि उरलेल्या ब्रिटनमधले, साईक्स नसलेले पुरुषही तपासले होते. त्यांच्यात ती खूण कोणाचीच नव्हती. बाकीच्या साईक्सांच्या खुणा शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्याच, विखुरलेल्या होत्या. शोधनिबंधाचा निष्कर्ष असा होता: साईक्सांचा मूळ पुरुष एकच, आणि बाकीचे मधल्या सातशे वर्षांत कधीतरी बाहेरून या नावात आलेले.

हा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला आणि तो लोकांच्या मनात बसला. आपल्याकडे कुळवृत्तांत उघडला की पहिल्या पानावर मूळ पुरुष असतो, आणि सगळी वंशावळ त्याच्यापासून खाली उतरते. साईक्सांची गोष्टही त्याच घाटाची होती आणि तिला विज्ञानाचा शिक्का मिळाला होता. मला मात्र या कथेतली पहिली पायरीच निसरडी वाटते. आज जिवंत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे एकाचे वंशज आहेत, यावरून सुरुवात एकापासून झाली असं सिद्ध होत नाही. सुरुवात वीस घरांपासून झाली, आणि त्यातल्या एकोणीस घरांचा पितृवंश पुढे खुंटला, तरी आज हेच चित्र दिसेल.

वंश खुंटण्याचं गणित दीडशे वर्षं जुनं आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली एक कोडं छापून जाहीर केलं: इंग्लंडमधली नामांकित घराणी इतक्या झपाट्यानं नामशेष का होतात? घराण्यातच काही दोष असतो, की नुसत्या योगायोगानं असं होतं? हेन्री वॉटसन या गणिती धर्मगुरूंनी उत्तर शोधायला घेतलं आणि १८७४ साली दोघांचा निबंध आला. वॉटसन यांच्या शेवटच्या आकडेमोडीत चूक राहिली होती, ती पुढे सुधारली गेली, पण विचाराची चौकट पक्की होती.

ती साधी आहे. समजा, लोकसंख्या स्थिर आहे, म्हणजे प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो आणि तो मोठा होऊन संसाराला लागतो. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. कोणाला तीन, कोणाला एक, कोणाला एकही नाही. मुलगे निव्वळ योगायोगानं वाटले जातात असं मानलं, तर पहिल्याच पिढीत शंभरातल्या सदतीस पुरुषांचं आडनाव संपतं. पाच पिढ्यांत सत्तरांहून अधिक संपतात. साईक्सांच्या सातशे वर्षांत साधारण तेवीस पिढ्या बसतात, आणि तेवढ्या काळात शंभरातली नव्वदांहून जास्त नावं पुसली गेलेली असतात. कोणाचा दोष नाही, कोणाचा शाप नाही. ज्यांच्या घरी सलग दोन-तीन पिढ्या भरपूर मुलगे जगले, ते उरतात आणि पसरतात.

प्रत्यक्ष इतिहास तर या गणिताहून कठोर होता. १३४८-४९ च्या महामारीत, जिला ‘काळा मृत्यू’ म्हणतात, इंग्लंडची एक-तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या गेली आणि नंतर दीडशे वर्षं ती फारशी वाढली नाही. आडनावं रुजत होती नेमकी याच काळात. एका खोऱ्यातले दोन-तीन साईक्स एका हिवाळ्यात गेले, तर त्यांच्या ओहळाकाठच्या घराबरोबर तो उगमही संपला.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली हा प्रश्न मोठ्या पटावर मांडला. त्यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. स्मिथ नावाच्या पुरुषांत एकमेकांशी काहीच जुळेना. ते नुसतेच इंग्लंडचे रहिवासी. अटेनबरो किंवा स्विंडलहर्स्ट अशा दुर्मीळ नावांत मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुष एकाच पितृवंशाचे निघाले. नाव जितकं विरळ, तितकं रक्ताचं नातं दाट, असा एकूण कल होता. आणि माझ्या दृष्टीनं खरी महत्त्वाची गोष्ट यापुढची. यातल्या अनेक वंशसमूहांचा समान पूर्वज आडनावाच्या जन्माच्या बऱ्याच नंतरचा ठरत होता. नावाचा अर्थ गावावरून आला की धंद्यावरून, यानंही काही फरक पडत नव्हता. आजच्या गुणसूत्रांवरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांबद्दल खात्रीनं फारसं सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. इतिहासकारांनी कागद वाचून केलेला ‘अनेक उगमां’चा अंदाज त्यामुळे पुन्हा उभा राहतो.

जुळणाऱ्या २१ जणांविषयी एवढं. न जुळणाऱ्या २७ जणांबद्दल मात्र लोकांनी लगेच कुजबुज केली. शोधनिबंधात ‘बाप वेगळा असण्याचं’ प्रमाण पिढीमागे सरासरी १.३ टक्के असल्याचा अंदाज होता, आणि त्याचा अर्थ व्यभिचार असा लावला गेला. हे अन्यायाचं आहे. साखळी तुटायला कितीतरी साधी कारणं असतात. दत्तक मुलगा, विधवेनं दुसरं लग्न केल्यावर सावत्र बापाचं नाव लावणारी मुलं, सासऱ्याची मालमत्ता मिळावी म्हणून त्याचं आडनाव घेणारा घरजावई, लग्नाशिवाय जन्मलेला आणि आईचं नाव चालवणारा मुलगा. शिवाय जे खरोखरच वेगळ्या उगमाचे साईक्स असतील, तेही याच २७ जणांत धरले जाणार. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ५०० हून अधिक पुरुष-जोड्यांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. विरळ वस्तीच्या गावांतल्या शेतकरी आणि सुखवस्तू घरांत हे प्रमाण पिढीमागे सुमारे अर्धा टक्का होतं, तर एकोणिसाव्या शतकात दाटीवाटीच्या शहरांत राहणाऱ्या गरीब विणकरांत आणि मजुरांत ते सहा टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. इतका फरक परिस्थितीमुळे पडतो. अशा वस्तीतल्या बाईवर कोणते प्रसंग आले असतील, याचा विचार आकडा वाचताना व्हायला हवा.

साईक्स मंडळी फार लांब गेली नाहीत, हे या आडनावाचं आणखी एक वैशिष्ट्य. कोल्नच्या खोऱ्यात शेती बेताची, पण घरोघर हातमाग होते आणि पुढे लोकरीच्या गिरण्या आल्या, त्यामुळे पोटासाठी घर सोडायची पाळी कमी आली. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशात या नावाची सर्वांत दाट वस्ती हडर्सफील्डभोवतीच दिसते. आजही ब्रिटनमधले साईक्स त्याच भागात जास्त सापडतात. त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. तुलनेसाठी, तिथले स्मिथ पाच लाखांच्या वर आहेत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडातही साईक्स पोचले, पण तिथे नावाचा गावाशी असलेला धागा सुटतो.

महाराष्ट्रातही हे नाव दोन वाटांनी आलं. सर फ्रेडरिक साईक्स १९२८ ते १९३३ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तो त्यांच्याच कारकिर्दीत, १९३० साली. दुसरे कर्नल विल्यम हेन्री साईक्स (१७९० ते १८७२) अधिक आदरानं आठवावेत असे. कंपनी सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करता करता त्यांनी इथले पक्षी आणि मासे शास्त्रीय पद्धतीनं नोंदवले. दख्खनच्या माळावरचा एक चंडोल आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीर माशाचं वर्णन करताना त्यांनी कोळ्यांच्या तोंडचं नाव तसंच शास्त्रीय नावात ठेवलं, आणि तो मासा जगभर ‘टॉर खुद्री’ झाला. हे दोघे साईक्स एका रक्ताचे असतील का? २००० सालचं प्रमाण धरलं, तर यदृच्छेनं उचललेल्या दोन साईक्सांकडे तीच खूण असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या ४४ टक्के, म्हणजे साधारण पाचात एक येते. स्मिथांच्या बाबतीत ती नगण्य आहे.

आडनाव आणि गुणसूत्र यांची ही सांगड उलट्या दिशेनंही चालते, आणि तिथे काळजी वाटावी असं काही आहे. वंशावळीच्या हौसेपोटी लाखो लोकांनी आपली वाय खूण आणि आडनाव संकेतस्थळांवर उघड ठेवलं आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नाव काढून टाकलेल्या जनुकीय नमुन्यावरून, केवळ या खुल्या याद्यांच्या मदतीनं, आडनाव शोधता येतं. गोऱ्या अमेरिकी पुरुषांत यशाचं प्रमाण त्यांनी सुमारे १२ टक्के काढलं होतं. वय आणि राहण्याचं राज्य कळलं, की पुढे माणूसही सापडतो. संमती दिलेली असते दूरच्या चुलतभावानं, आणि ओळख उघडी पडते दुसऱ्याचीच.

मूळ पुरुषाचा प्रश्न मात्र आता सोडवता येण्यासारखा झाला आहे. २००० साली गुणसूत्रावरच्या फक्त चार जागा मोजल्या होत्या. आज वाय गुणसूत्राचा वाचता येण्याजोगा जवळजवळ सगळा भाग अक्षर न् अक्षर वाचता येतो, आणि त्यात साधारण दोन-तीन पिढ्यांत एखादं नवं अक्षर बदललेलं सापडतं. असे बदल मोजले, की जुळणाऱ्या साईक्सांच्या फांद्या कधी फुटल्या, ते ठरवता येईल. त्या तेराव्या शतकाच्या आसपास एकत्र येत असतील, तर पहिला साईक्स आणि आजच्यांचा पूर्वज एकच होता, या मताला बळ मिळेल. त्या सोळाव्या-सतराव्या शतकात एकत्र आल्या, तर तो पूर्वज म्हणजे कापड विणून पोट भरणारा, आणि ज्याचे बरेच मुलगे जगले असा पुढच्या काळातला कोणी साईक्स असेल. तेव्हा १३७९ च्या यादीतले बाकीचे साईक्स त्याचे कोण लागत होते, हे पुन्हा कागदांतच शोधावं लागेल.