‘925’चा ठसा आणि डिझायनर चांदीच्या अस्सलपणाचा वाद : पार्श्वभूमी

चांदीच्या दागिन्यावरचा ‘925’ हा ठसा दर हजार भागांत 925 भाग चांदी असल्याचे सांगतो; दागिना कोणी घडवला, याविषयी तो काहीच बोलत नाही. मराठीत मात्र ‘नकली’ हा एकच शब्द दोन वेगळ्या फसवणुकींना चालतो. चांदीचा अंशही नसलेले जर्मन सिल्व्हर चांदी म्हणून गळ्यात मारणे ही एक, आणि चोख 925 चांदीवर दुसऱ्याची नाममुद्रा (ट्रेडमार्क) उठवणे ही दुसरी. डिझायनर दागिन्यांचा वाद मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा असल्यामुळे तेथे कस लावून किंवा यंत्रावर शुद्धता तपासून निम्माच प्रश्न सुटतो.

इंग्लंडमध्ये शुद्धतेचा ठसा 1300च्या कायद्याने आला आणि घडवणाऱ्याची खूण 1363पासून सक्तीची झाली; म्हणजे कस व कर्ता या दोन गोष्टी तेथे आरंभापासून वेगळ्या धरल्या गेल्या. अमेरिकेत सरकारी पारख केंद्रांची अशी व्यवस्था उभी राहिली नाही. न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध पेढीने 1851मध्ये इंग्लंडचे 925चे मान आपणहून स्वीकारले, 1906मध्ये ठशांविषयी कायदा झाला आणि 1961च्या दुरुस्तीने शुद्धतेच्या ठशाशेजारी उत्पादकाची नाममुद्रा आवश्यक ठरवली. व्यवस्था अशी उत्पादकाच्या शब्दावर उभी असल्याने, ज्याला शब्दच चोरायचा आहे त्याला दोन्ही ठसे मारणे कठीण नव्हते. अस्सल दागिन्यावरूनच साचा घेऊन ओतकाम केले, तर नाममुद्राही आपोआप उमटते. अक्षरांच्या कडा किंचित बोथट होतात आणि आकार जरासा आक्रसतो, परंतु हे हातात घेऊन, अस्सल नगाशेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच कळते.

नेमकी हीच सोय इंटरनेटवरील लिलावांनी काढून घेतली. त्याच पेढीने 2004मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका लिलाव-संकेतस्थळाविरुद्ध दावा लावला. एप्रिल 2000 ते सप्टेंबर 2004 या काळात दागिने व घड्याळांच्या विभागात पेढीचे नाव शीर्षकात असलेल्या वस्तूंच्या विक्रीतून संकेतस्थळाला सुमारे 41 लाख डॉलरचे उत्पन्न मिळाले होते. पेढीने 2004मध्ये तेथून 186 नग स्वतः विकत घेतले, त्यांतील 73.1 टक्के बनावट निघाले. 2005च्या खरेदीत हे प्रमाण 75.5 टक्के होते. न्यायालयाने या खरेदीच्या पद्धतीत दोष काढले, तरीही किमान 30 टक्क्यांच्या आसपास माल बनावट असावा, हे मान्य केले. पाच किंवा अधिक नग विकायला ठेवणारा विक्रेता संशयितच मानावा, हा पेढीचा निकष मात्र न्यायालयाला पटला नाही.

14 जुलै 2008चा निकाल संकेतस्थळाच्या बाजूने लागला आणि 1 एप्रिल 2010 रोजी अपील न्यायालयाने नाममुद्रेच्या मुद्द्यावर तो कायम केला. आपल्याकडे बनावट माल विकला जातो ही सर्वसाधारण जाणीव जबाबदार धरण्यास पुरेशी नाही. अमुक जाहिरातीतील अमुक वस्तू बनावट आहे, अशी नेमकी माहिती असूनही विक्री चालू ठेवली, तरच जबाबदारी येते, असे सूत्र ठरले. संकेतस्थळाच्या ताब्यात माल कधी येत नाही आणि आला असता तरी पारखण्याचे कौशल्य त्याच्याकडे नव्हते, ही बाजू ग्राह्य धरली गेली. कायद्याच्या चौकटीत हा तर्क सुसंगत असेलही. परंतु ज्याच्या हातात माल येत नाही तो मोकळा आणि ज्याच्या हातात पैसे देऊन झाल्यावर येतो तो ग्राहक पारखी, अशी ही वाटणी झाली, हे नाकारता येत नाही. नाममुद्रेवर पहारा ठेवण्याचे काम तिच्या मालकाकडेच राहिले. विशेष म्हणजे, अमेरिकेतील या निकालाच्या दोनच आठवडे आधी, 30 जून 2008 रोजी, पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने त्याच संकेतस्थळाला एका फ्रेंच उद्योगसमूहास सुमारे 4 कोटी युरोंची भरपाई देण्यास सांगितले होते. तो वाद चांदीचा नव्हता, पण प्रश्न जवळपास तोच होता.

अमेरिकेत 27 जून 2023पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, बारा महिन्यांत 200 किंवा अधिक विक्री-व्यवहार आणि 5,000 डॉलर किंवा अधिक उलाढाल करणाऱ्या विक्रेत्यांची ओळख पडताळणे ऑनलाइन बाजारांना बंधनकारक आहे. मात्र ही मोजणी नव्या किंवा न वापरलेल्या मालाचीच होते. आजीचे म्हणून विकले जाणारे जुने कडे तीत येत नाही. भारतात चांदीच्या हॉलमार्कसाठी सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक 1 सप्टेंबर 2025पासून आला असून चांदीचे हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे. त्या क्रमांकावरून शुद्धता, तपासणी केंद्र आणि नोंदणीकृत सराफ कळतात. घडण मुळात कोणाची, हे त्या नोंदीत नसते.